आंदालुसियाची तीन शहरं: गाइड कुठे घ्यायचा, कुठे नाही

दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात पहिल्यांदा जाणाऱ्यांचे पैसे दोन प्रकारे हमखास वाया जातात. जिथे नुसतं भटकायचं तिथे गाइड घेतला जातो. आणि जिथे जाणकार माणसाशिवाय काही कळणार नाही, तिथे कानाला ऑडिओचं यंत्र लावून तासाभरात बाहेर पडलं जातं. कोर्दोबाची मशीद-कॅथेड्रल, सेवियाचा (इंग्रजीतलं सेव्हिल) अल्कासार हा राजवाडा आणि ग्रानादाचा अल्हांब्रा हा टेकडीवरचा किल्ला-महाल या तीन वास्तूंसाठी गाइड घ्या, तोही चांगला. गल्ल्या, पूल, बाजार, चौक तुमचे तुम्ही फिरा.

आधी शहरांचा क्रम

सोयीचं बघितलं तर कुठूनही सुरुवात केलेली चालते. पण कोर्दोबा, मग सेविया, शेवटी ग्रानादा असे गेलात तर इतिहास ओळीने समोर येतो. कोर्दोबात आठव्या ते दहाव्या शतकातली उमय्या या अरब घराण्याची राजवट. सेवियात बाराव्या शतकातले अल्मोहाद, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मुस्लिम राज्यकर्ते, आणि त्यांच्यानंतरचे ख्रिस्ती राजे. ग्रानादात नसरी घराण्याचं शेवटचं मुस्लिम राज्य, जे २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोअब्दिलने इसाबेल आणि फर्नांदो या ख्रिस्ती राणी-राजांच्या हवाली केलं. आधी अल्हांब्रा पाहिला की डोळे त्या नक्षीला सरावतात आणि मग कोर्दोबाच्या कमानी साध्या वाटायला लागतात. त्या चारशे-पाचशे वर्षांनी थोरल्या आहेत हे लक्षातच येत नाही.

माद्रिद ते कोर्दोबा वेगवान रेल्वेने साधारण पावणेदोन तास, कोर्दोबा ते सेविया पाऊण तास, सेविया ते ग्रानादा अडीच ते तीन तास. परतीचं विमान मालागाहून घेतलं तर पुन्हा माद्रिदला जावं लागत नाही. ग्रानादाहून मालागा बसने दोनेक तासांवर आहे. वेगवान गाड्यांच्या स्टेशनात सामान तपासणीच्या यंत्रातून जातं आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फलाटाचा दरवाजा बंद होतो, त्यामुळे अर्धा तास आधी पोहोचा. आपल्या लोकलसारखं धावत जाऊन चढता येत नाही.

मुक्काम: कोर्दोबात एक-दोन रात्री, सेवियात तीन, ग्रानादात दोन. सेवियाहून ग्रानादा एका दिवसात करून परत यायचा बेत अनेक जण आखतात. जाण्यायेण्यात पाच-सहा तास गेल्यावर अल्हांब्रा पाहायला अंगात त्राण उरत नाही, तेव्हा तो बेत सोडा.

महिने मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये सेविया आणि कोर्दोबात पारा चाळिशी ओलांडतो. विदर्भातल्या उन्हाळ्याची सवय असली तरी दुपारी दगडी गल्ल्यांतून गाइडच्या मागे तीन तास फिरणं ही शिक्षाच. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात सेवियात मिरवणुकी असतात. त्या पाहायच्याच असतील तर जरूर जा, पण रस्ते तासन्‌तास अडलेले असतात, वास्तूंच्या वेळा बदलतात आणि हॉटेलांचे दर फार चढतात. ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी सेवियाची फेरिया, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हाही तीच गत.

अल्हांब्राचं तिकीट: सगळी सहल याच्याभोवती आखा

विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल हे सगळं एकीकडे आणि अल्हांब्राचं तिकीट एकीकडे. आतल्या नसरी महालांत दर अर्ध्या तासाला ठरावीक माणसंच सोडतात. वसंतात आणि शरदात तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. म्हणून आधी अल्हांब्राची तारीख पक्की करा आणि बाकीचा प्रवास तिच्या पुढेमागे बसवा.

तिकीट ‘पात्रोनातो दे ला अल्हांब्रा इ हेनेरालिफे’ या व्यवस्थापन संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच घ्या. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी बरीच पानं दलालांची असतात. दिसायला अधिकृत, किंमत दीड-दोन पट. सर्वसाधारण तिकीट माणशी २० युरोंच्या आसपास आहे. त्याहून बरंच जास्त मागत असतील तर ते गाइडसकट विकताहेत की नुसती दलाली घेताहेत, ते तपासा.

प्रकार निवडताना डोळे उघडे ठेवा. नसरी महाल, आल्कासाबा हा किल्ला आणि हेनेरालिफेच्या बागा हे तिन्ही देणारं तिकीट म्हणजे ‘अल्हांब्रा हेनेराल’. त्याच पानावर बागा आणि आल्कासाबाचं स्वस्त तिकीटही असतं आणि ते सहज उपलब्ध असतं. ते घेणाऱ्याला दारात गेल्यावर समजतं की ज्यासाठी आलो ते महाल यात नाहीत.

तिकीट नावानिशी आणि पासपोर्ट क्रमांकानिशी निघतं, प्रत्येकाचं वेगळं. बारा वर्षांखालच्या मुलांना पैसे नाहीत, पण तिकीट लागतंच. आपल्याकडे घोळ होतो तो नावात. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात पुष्कळदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. स्पॅनिश माणसांना दोन आडनावं असतात, त्यामुळे तिथल्या अर्जांत दुसऱ्या आडनावाची चौकट दिसते. ती रिकामी सोडा, वडिलांचं नाव तिथे कोंबू नका. आणि पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नवा काढा, मग तिकीट. मूळ पासपोर्ट त्या दिवशी जवळ हवा. फोनमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नका.

आता खरा पेच: व्हिसा हातात नाही आणि तिकिटं संपताहेत. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे जमेल तितक्या लवकर करून टाका. उशीर झालाच असेल तर व्हिसाची वाट न पाहता तिकीट घ्या. व्हिसा नाकारला गेला तर माणशी वीसेक युरो बुडतील, पण व्हिसा मिळून तिकीट नाही मिळालं तर सबंध ग्रानादाचा मुक्काम अर्धवट राहील.

तिकिटं संपलीच असतील तर दोन वाटा. रद्द झालेली तिकिटं अधूनमधून परत विक्रीला येतात, म्हणून संकेतस्थळ रोज सकाळ-रात्र पाहायचं. नाहीतर मान्यताप्राप्त सहल कंपनीची गाइडसह सहल. त्यांच्याकडे वेगळी तिकिटं असू शकतात. माणशी ५० ते ७० युरोंची तयारी ठेवा.

गाइड निवडताना

आंदालुसियात गाइडचं काम परवान्याचं आहे. प्रांत सरकारने मान्यता दिलेल्या गाइडकडे नोंदणी क्रमांक असलेलं ओळखपत्र असतं, ते गळ्यात अडकवलेलं दिसतं. संरक्षित वास्तूंच्या आत माहिती सांगण्याचा अधिकार त्यांनाच. दारापाशी उभं राहून ‘चला, आत दाखवतो’ म्हणणाऱ्या माणसाकडे ते ओळखपत्र नसेल तर पुढे निघा.

छत्री घेऊन चौकात उभे राहणारे ‘फुकट टूर’वाले असतात. टूर फुकट नसते, शेवटी माणशी १० ते १५ युरो द्यायची पद्धत आहे. शहरात पोहोचल्याच्या दिवशी तासा-दीड तासात ओळख करून घ्यायला ती उत्तम, पण ती बाहेरूनच होते. अशा टूरवर अल्कासारची भिंत बाहेरून पाहून ‘अल्कासार झाला’ असं धरू नका.

सामायिक गटात पंचवीस-तीस माणसं असतात आणि कानात रेडिओचं यंत्र. दोघांना परवडतं, पण प्रश्न विचारायला वाव कमी. चार ते आठ जणांचं कुटुंब असेल तर खासगी गाइड घ्या. तीनेक तासांचे साधारण १५० ते २५० युरो अख्ख्या गटाचे होतात. सहा जणांत वाटले तर सामायिक सहलीएवढेच पडतात, आणि आजोबांना बसावंसं वाटलं तर सगळे थांबू शकतात.

गाइडला पहिल्या मेलमध्येच पुढच्या गोष्टी लिहा: तारीख, माणसं किती, लहान मुलं आणि वयस्कर किती, कुणाला पायऱ्यांचा त्रास आहे का, कोणत्या वास्तू पाहायच्या. तिकिटं कोण काढणार हे स्पष्ट विचारा. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो: तुम्हाला वाटतं त्यांनी काढली, त्यांना वाटतं तुमच्याकडे आहेत. तुम्ही काढणार असाल तर आधी गाइडची वेळ नक्की करा, मग त्याच वेळेचं तिकीट घ्या. भेटण्याची जागाही नेमकी लिहून घ्या. ‘अल्हांब्राच्या दारात’ हे पुरेसं नाही. वरचा तिकीट मंडप आणि खालचा पुएर्ता दे ला हुस्तीसिया हा दरवाजा यांच्यात चांगलं दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे.

कोर्दोबा: कमानी वाचायला शिका

मशीद-कॅथेड्रलमध्ये रविवार आणि सणाचे दिवस सोडून रोज सकाळी साडेआठ ते साडेनऊ विनामूल्य प्रवेश असतो. गाइडसह गटांना त्या वेळी परवानगी नसते. त्यामुळे अशी योजना करा: सकाळी एकटे जाऊन शांतपणे हिंडा, बाहेर येऊन न्याहारी करा, मग दहानंतर तिकीट काढून गाइडबरोबर परत जा. दोन्ही वेळा वास्तू वेगळी दिसते.

आत साडेआठशेच्या आसपास खांब आहेत, आणि सगळे एकाच वेळचे नाहीत. ७८५ च्या सुमारास पहिल्या अब्द अल-रहमानने काम सुरू केलं; पुढे तीनदा मोठी वाढ झाली. गाइडला सांगा, ‘आम्हाला चारही टप्पे वेगळे ओळखायला शिकवा.’ सर्वांत जुन्या भागातले खांब रोमन आणि व्हिसिगॉथ (मुस्लिमांआधीचे इथले राज्यकर्ते) इमारतींतून उचलून आणलेले. कुणी गुळगुळीत, कुणी पन्हळी, माथे एकाला एक न जुळणारे. खांब बुटके आणि छत उंच हवं, म्हणून एकावर एक दुहेरी कमानी आल्या. लाल-पांढरे पट्टे म्हणजे आलटूनपालटून वीट आणि दगड. आता शेवटच्या, म्हणजे सत्ताधारी वजीर अल-मन्सूरच्या वाढीत जा आणि कमानी नीट पाहा: तिथे वीट नाही, दगडावर लाल रंग दिलाय. घाईत आणि मोठ्या आकाराचं काम करायचं होतं, हे तेवढ्यावरून कळतं. ही वाढ पूर्वेकडे गेली, कारण दक्षिणेला नदी आडवी येते; परिणामी मिहराब, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, आता इमारतीच्या मध्यावर राहिलेला नाही.

मिहराबाभोवतालच्या सोनेरी काचतुकड्यांच्या नक्षीसाठी बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राटाकडून सामान आणि कारागीर आले होते. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं आणि १५२३ पासून मधोमध कॅथेड्रल उभं राहू लागलं. चांगला गाइड इथे कुणाची बाजू घेत नाही, दोन्ही बांधकामं एकमेकांत कशी गुंतवली आहेत ते दाखवतो.

दुपारनंतर ज्यू वस्ती, १३१५ चं छोटंसं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि रोमन पूल. यासाठी गाइड नको. शहराबाहेर आठेक किलोमीटरवर मेदिना अझारा आहे, ९३६ च्या सुमारास सुरू झालेली आणि शतकही न टिकलेली राजधानी. खाली संग्रहालय आहे, तिथून छोटी बस अवशेषांपर्यंत नेते. संग्रहालय आधी पाहा, नाहीतर वर नुसते दगड दिसतात. सोमवारी सिनेगॉग आणि मेदिना अझारा दोन्ही बंद असतात, म्हणून कोर्दोबाचा दिवस सोमवारी येऊ देऊ नका.

सेविया: राजा ख्रिस्ती, कारागिरी मुस्लिम

अल्कासारलाही वेळेचं तिकीट असतं. सकाळची पहिली वेळ घ्या आणि पासपोर्ट जवळ ठेवा. वरच्या मजल्यावरच्या राजघराण्याच्या दालनांचं तिकीट वेगळं, पहिल्या खेपेला नाही घेतलं तरी चालेल.

पेद्रो पहिला या कास्तिल राज्याच्या ख्रिस्ती राजाच्या महालाच्या दर्शनी भिंतीसमोर पाच मिनिटं थांबा. मधल्या निळ्या-पांढऱ्या फरशांवर कुफी या कोनदार अरबी लिपीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा आहे: ‘अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही.’ ते ग्रानादाच्या नसरी सुलतानांचं ब्रीद. आणि त्याच पट्टीभोवती गॉथिक अक्षरांत कास्तिली भाषेत ख्रिस्ती राजाचं नाव आणि साल, १४०२. हे साल इसवी सन नव्हे. तेव्हा तिथे ‘स्पॅनिश एरा’ चालत होता, त्यातून ३८ वजा करायचे: १३६४. आपल्या शिलालेखातला शक ७८ मिळवून वाचतो, तसाच हिशेब. पेद्रो आणि ग्रानादाचा पाचवा मुहम्मद एकमेकांचे साथीदार होते. ग्रानादात गेल्यावर मुहम्मदाचं सिंहांचं अंगण पाहाल तेव्हा या महालाशी त्याचं नातं लगेच जाणवेल. गाइडला हे दोन राजे आवर्जून विचारा. सेवियासाठी दिलेले पैसे इथेच वसूल होतात.

कॅथेड्रलला गाइड घेतला तर बरं, नाही घेतला तरी अडत नाही. हिराल्दा हा त्याचा मनोरा म्हणजे मूळचा बाराव्या शतकातला अल्मोहाद मिनार. वर जायला ३५ रॅम्प आहेत, पायऱ्या फक्त अगदी शेवटी थोड्या. गुडघे दुखणारेही सावकाश चढू शकतात. तिकीट कॅथेड्रलच्या दारात रांगेत उभं राहून घेण्याऐवजी आधी ऑनलाइन घ्या. त्याच तिकिटात एल साल्वादोर चर्चही येतं.

शेजारीच इंडियासचं अभिलेखागार आहे, प्रवेश विनामूल्य. ‘इंडियास’ म्हणजे स्पेनच्या अमेरिका आणि फिलिपिन्समधल्या वसाहती. गोव्याचा पोर्तुगीज काळ शोधणाऱ्यांनी इथे वेळ घालवू नये, ती दप्तरं लिस्बन आणि पणजीत आहेत.

रस्त्यावरची संत्री तोडून खाऊ नका, कडूजार असतात. आणि कॅथेड्रलभोवती रोझमेरीची डहाळी हातात कोंबणाऱ्या बायका दिसतील. डहाळी घेतली की हात बघून भविष्य सुरू होतं आणि मग पैशांची मागणी. हात खिशात ठेवून चालत राहा. ग्रानादातही हाच प्रकार चालतो.

ग्रानादा: त्या दिवसाचा आराखडा

नसरी महालांची वेळ साडेदहा असेल तर नऊला आवारात असा. प्लासा नुएवा या चौकातून गोमेरेसच्या चढणीने चालत वीस-पंचवीस मिनिटं, नाहीतर सी-३० ची छोटी बस किंवा टॅक्सी. तिकीट फोनवर असेल तर वरच्या मंडपापर्यंत जायची गरज नाही, पुएर्ता दे ला हुस्तीसियाने आत या. आधी आल्कासाबा, मग सोळाव्या शतकातला सम्राट कार्लोस पाचवा याचा चौकोनी महाल (आतलं अंगण गोल आहे), ठरल्या वेळेला नसरी महाल, तिथून पार्तालच्या बागा आणि शेवटी हेनेरालिफे. आल्कासाबा, नसरी महाल आणि हेनेरालिफे यांत प्रत्येकी एकदाच प्रवेश मिळतो. चुकून बाहेर पडलात तर परत नाही.

महालांची वेळ म्हणजे आत शिरायची वेळ. बाहेर कधी पडायचं याला बंधन नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच पळतात. मागचा गट येऊन गेला की पाच-सात मिनिटांची उसंत मिळते, तेव्हाच फोटो काढा. पाठीवरची पिशवी पुढे छातीवर घ्यावी लागते, मोठी असेल तर जमा करावी लागते.

गाइडला तीन ठिकाणी थांबायला सांगा. कोमारेसच्या राजदूत दालनात, जिथलं छत आठ हजारांवर लाकडी तुकडे जोडून सात स्वर्गांच्या कल्पनेवर केलंय. सिंहांच्या अंगणात, जिथे बारा संगमरवरी सिंह कारंज्याचं पात्र पाठीवर घेऊन उभे आहेत. आणि दोन बहिणींच्या दालनात, जिथे मान वर केली की प्लास्टरच्या मुकर्नास नक्षीचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं छत. सेवियात पाहिलेलं तेच ब्रीद इथे भिंतींवर शेकडो वेळा सापडेल. मुलांना मोजायला लावा, ती कंटाळत नाहीत. आबेन्सेराखे दालनातल्या कारंज्यावरचे तांबूस डाग म्हणजे कत्तल झालेल्या सरदारांचं रक्त, अशी दंतकथा आहे. ते लोहाचे डाग आहेत. गाइड ही कथा सत्य म्हणून सांगू लागला तर बाकीच्या माहितीकडेही जरा सावधपणे पाहा.

खाणं आणि किरकोळ

जेवण दुपारी दोनला आणि रात्री नऊला. म्हणून गाइडची वेळ सकाळी ठेवा आणि दोनच्या आधी संपवा. शाकाहारींनी नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. डुकराचं सुकवलेलं हामोन आणि ट्यूना मासा यांना पुष्कळ ठिकाणी मांसात धरत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांस, हामोन, मासा नको) असं सगळं म्हणा. कोर्दोबाचं साल्मोरेखो हे टोमॅटोचं थंड, दाट सार वर हामोन आणि अंडं घालून येतं, ते वगळायला सांगा. सेवियात पालक-छोले, म्हणजे ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’. तळलेल्या वांग्यांवर ‘मिएल दे कान्या’ घालतात, ती चक्क काकवी. ग्रानादात पेयाबरोबर छोटी ताटली फुकट येते. शाकाहारी हवी असेल तर पेय मागवतानाच सांगा.

खासगी गाइडला बक्षिसी सक्तीची नाही. काम आवडलं तर गटाचे दहा-वीस युरो द्या.

आल्बायसीन या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत राहणार असाल तर हॉटेलला आधी विचारा की टॅक्सी दारापर्यंत येते का. तिथल्या चढणी गोट्यांच्या फरसबंदीच्या आहेत, चाकांची बॅग ओढवत नाही आणि पाऊस पडला की गोटे निसरडे होतात. संध्याकाळी सान निकोलासच्या चौकातून समोर अल्हांब्रा दिसतो, त्यासाठी सी-३१ ची बस घ्या. गर्दी फार असते, पाकीट आणि पासपोर्ट पुढच्या खिशात ठेवा.